पडदा काळा झाला म्हणून दप्तर बुडत नाही



यंदा मोळी टाकण्याच्या तोंडावर आपल्या एका गट ऑफिसातला संगणक रात्री अपडेट झाला आणि सकाळी काळा पडला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पण पडद्यावर नुसता काळोख आणि त्यात माऊसचा एक पांढरा बाण. दहा वाजेपर्यंत ही गोष्ट चहाच्या टपरीवर गेली आणि दुपारपर्यंत पाच गावांत फिरली. फिरता फिरता तिचं रूप बदललं. सकाळी 'पडदा काळा झाला' होतं, दुपारी 'कॉम्प्युटर जळाला' झालं आणि दिवे लागणीला 'नोंदी गेल्या, आता लागण तारखा नव्यानं घालणार' असं आमच्याच कानावर आलं.

नोंदी कुठेही गेलेल्या नाहीत, हे आधी सांगून टाकतो. सर्व नोंदी लागण तारखांसह जशाच्या तशा आहेत आणि तोडणी कार्यक्रम त्याच क्रमाने चालू आहे. पण एवढं सांगून विषय मिटवावा असं आम्हाला वाटत नाही. कारण सभासदाची धास्ती खोटी नव्हती. आडसाली लावणारा माणूस जुलै-ऑगस्टात कांडी मातीत घालतो आणि पुढे दीड वर्ष पाण्याची पाळी, खताचा डोस, हुमणी नि पाऊस यांच्याशी झगडतो. कारखान्याशी त्याचं नातं सांगणारा कागद म्हणजे नोंदीची एक पावती आणि आमच्या दप्तरातली एक तारीख. त्या तारखेवर पाळी, पाळीवर तोड, तोडीवर वजन, वजनावर बिल आणि बिलावर सोसायटीचं कर्ज. पाळी महिनाभर हुकली की उसाला तुरा येतो, कांडं आतून पोकळ पडतं, वजन घटतं. तेव्हा 'तारीख गेली' हे शब्द ऐकून ज्याच्या पोटात गोळा आला त्याला आम्ही हसणार नाही.

आमचे मत असे की, पडदा काळा पडणे ही साधी दुरुस्तीची बाब आहे. दप्तर बुडवते ती त्यानंतरची घाई. आणि ही घाई गट ऑफिसात जशी होते तशीच ती पुण्यात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या लॅपटॉपच्या बाबतीतही होते. म्हणून दोन्हींविषयी एकत्रच लिहीत आहोत.

आधी यंत्राचं समजून घेऊ. पडदा वेगळा आणि दप्तर वेगळं. नोंदी असतात त्या पेटीतल्या डिस्कवर. पडदा त्या फक्त दाखवतो. दोघांच्या मध्ये एक छोटा प्रोग्राम काम करतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटमध्ये पुष्कळदा हा ड्रायव्हर बदलला जातो, आणि नवा ड्रायव्हर जुन्या यंत्राला मानवला नाही की पडदा काळा राहतो. कधी डेस्कटॉप मांडणारा प्रोग्रामच सुरू होत नाही. तेव्हा काळ्या पडद्यावर नुसता बाण फिरतो. कधी अपडेट अर्ध्यात असताना वीज जाते. आपल्याकडे हे कारण फार, सिंगल फेज केव्हा येईल नि केव्हा जाईल याचा भरवसा कोणी द्यायचा? आणि कधी अपडेटचा काही संबंधच नसतो: मॉनिटरची केबल ढिली असते, किंवा पावसाळी दमटपणाने रॅमच्या पट्टीवर मळ चढलेला असतो. कारागीर ती पट्टी काढून साध्या खोडरबराने पुसतो नि पुन्हा बसवतो, की यंत्र बोलायला लागतं. अपडेट आदल्या रात्री झालं म्हणून दोष त्याच्यावर जातो, एवढंच. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं होऊ नये.

म्हणून पडदा काळा दिसला की पहिलं काम थांबण्याचं. डिस्कचा बारका दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. जुन्या, फिरत्या डिस्कच्या संगणकाला मोठं अपडेट पचवायला तास-दोन तास लागतात. त्याच वेळी कंटाळून वीज बंद करणं म्हणजे ऊस गव्हाणीत पडल्यावर मिल थांबवणं. तासाभराने कीबोर्डावरचं कॅप्स लॉक दाबून पाहावं. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर बहुधा यंत्र जिवंत आहे आणि अडचण पडद्यापुरती आहे. मग केबल दोन्ही टोकांना घट्ट करावी, लॅपटॉप असेल तर प्रकाश वाढवून पाहावा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एक बीप ऐकू येतो, पडदा लुकलुकतो आणि कित्येकदा एवढ्यावर काम भागतं. नुसता बाण दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा, त्यात नवं काम सुरू करा म्हणून 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' असं टाइप करावं. डेस्कटॉप परत उभा राहतो.

एवढ्यानेही जमलं नाही तर विंडोजमध्ये दुरुस्तीची एक खोली राखून ठेवलेली असते. बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करायचं, चालू करायचं, विंडोजची खूण दिसू लागताच पुन्हा दहा सेकंद दाबून बंद करायचं. असं दोन-तीनदा केलं की ती खोली आपोआप उघडते. हे मात्र डिस्कचा दिवा शांत झाल्यावरच करायचं, अपडेट चालू असताना नाही. तिथे ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स असं पुढे गेलं की 'अनइन्स्टॉल अपडेट्स' सापडतं. दरमहा येणारं छोटं अपडेट आणि वर्षाकाठी येणारं मोठं अपडेट, दोन्ही तिथून काढता येतात. मोठं अपडेट मागे घ्यायला साधारण दहा दिवसांची मुदत असते. ती गेली की जुनी प्रत पुसली जाते. त्याच खोलीतून 'सेफ मोड'मध्ये शिरता येतं. सेफ मोड म्हणजे यंत्राने अंगावरचे सगळे दागिने उतरवून साध्या धोतरावर उभं राहणं. पडदा तिथे दिसला की ओळखावं, दोष ड्रायव्हरचा. तो मागच्या आवृत्तीवर नेला की काम झालं.

आपल्या गट ऑफिसातल्या संगणकाचं नेमकं हेच झालं होतं.

तो संगणक आम्ही पुण्याला सदाशिव पेठेत नेला होता. आपली ऊस नोंदीची प्रणाली ज्यांनी बसवली त्यांचं सेवाकेंद्र तिथे आहे. पण त्या दिवशी त्यांचा माणूस बाहेरगावी होता, म्हणून आम्ही टिळक रस्त्याच्या आसपास दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथल्या तरुण कारागिराने बटण दाबलं, काळा पडदा पाहिला आणि मिनिटभरात निकाल दिला, "विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावी लागेल. डेटाची गॅरंटी नाही." दर सांगितला, पावतीपुस्तक पुढे ओढलं. आत पंधरा गावांच्या नोंदी आहेत, त्यातल्या आठवड्याभराच्या अजून मुख्य कार्यालयाकडे गेलेल्या नाहीत, हे त्याने विचारलं नाही. आम्ही संगणक उचलला आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी सेवाकेंद्रातल्या गृहस्थांनी वर लिहिल्याप्रमाणे सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर मागे नेला. चहा येऊन गार व्हायच्या आत पडदा उजळला. त्यांचं म्हणणं असं, की फॉरमॅट हे कारागिराच्या सोयीचं असतं. दोष शोधायला डोकं लागतं, वेळ लागतो; फॉरमॅटला दोन्ही लागत नाही आणि दर ठरलेला.

दुकानात असताना आपल्याच कार्यक्षेत्रातली एक मुलगी तिथे भेटली. सदाशिव पेठ आता पूर्वीची राहिली नाही. वाडे गेले, इमारती आल्या, आणि त्या इमारतींत कॉट बेसिसवर राहणारी, अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आली. त्यांत आपल्या सभासदांची मुलं किती आहेत ते पाहायचं असेल तर संध्याकाळी पेरूगेटाजवळ उभं राहावं. निम्मी बोली आपली ऐकू येते. या मुलीचा लॅपटॉप असाच काळा पडला होता, दोन वर्षांच्या टिपणांसकट. तिलाही फॉरमॅटचाच निकाल मिळाला होता. फरक एवढा की आम्ही पाच माणसांच्या सहीचं पत्र घेऊन गेलो होतो आणि ती एकटी होती, उद्या सराव परीक्षा होती आणि दुकानदार बोलत होता अस्सल पेठी तुटकपणे. अशा वेळी पोर 'करा काय करायचं ते' म्हणते. तिने तसं म्हणू नये एवढं आम्हाला सांगता आलं.

फॉरमॅट या शब्दाचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे. फॉरमॅट म्हणजे दप्तर बाहेर काढून पेटवणं आणि मग कपाट स्वच्छ झालं म्हणणं. जुन्या फिरत्या डिस्कवरून पुसलेलं काही अंशी तरी परत मिळवता यायचं. आताच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी नावाची डिस्क असते. तिच्यावरून पुसलं गेलेलं परत मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून दुकानदाराला बजावून सांगायचं: आधी डिस्कवरच्या फायली दुसरीकडे उतरवून दाखवा, मग बाकीचं. हे होतं. पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू करून किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून फायली उतरवता येतात, पडदा काळा असला तरी. पावतीवर 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची' असं छापलेलं असतं. तर मग जबाबदारी आपली आहे असं समजूनच वागावं. आणि दुकानदार 'रिसेट करतो, फायली राहतील' म्हणाला तर फायली राहतील खऱ्या, पण वरून बसवलेले प्रोग्राम जातील. विद्यार्थ्याचं त्यात फार अडत नाही, गट ऑफिसाचं अडतं.

यात एक नवीन भानगड आली आहे, ती नीट वाचावी. अलीकडच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. चोराने लॅपटॉप नेला तरी त्याला आतलं वाचता येऊ नये, हा हेतू चांगला. पण दुरुस्ती करताना किंवा एखाद्या अपडेटनंतर यंत्र कधी कधी मालकाकडेच किल्ली मागतं. ही किल्ली म्हणजे ४८ आकडे. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती नसेल तर कोणताही कारागीर आणि खुद्द कंपनीही डिस्क उघडून देऊ शकत नाही. आता गंमत अशी, की पुष्कळ घरांत लॅपटॉप घेताना दुकानदारानेच तो 'चालू करून' दिलेला असतो. कधी त्याने घाईत स्वतःचाच ईमेल घातलेला असतो, कधी बनवलेल्या खात्याचा पासवर्ड कोणाला आठवत नाही. म्हणजे आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या कोनाड्यात. ज्यांची मुलं बाहेरगावी शिकतात त्यांनी पुढच्या सुट्टीत एवढं करून घ्यावं: खातं कोणाच्या नावे आहे ते पाहावं, ते ४८ आकडे कागदावर लिहून घ्यावेत आणि तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावा. लॅपटॉपच्या बॅगेत नको. बॅग गेली की दोन्ही जातील.

कागदाचा विषय निघालाच आहे. त्याच सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी १९१० साली ते स्थापन केलं. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून माळ्यांवरची, अडगळीतली दप्तरं मिळवली. तिथले मोडी कागद दोन-अडीचशे वर्षांनीही जाणकार वाचतो. त्याला ना वीज लागते ना ड्रायव्हर. म्हणून काही सभासद म्हणतात, कॉम्प्युटर फेका, खतावणी आणा. आम्हाला ते पटत नाही. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ रोजी, पुण्यात नदीकाठच्या पेठांत घरंच्या घरं गेली, तिथे कागद कसले राहतात? कागदाला वाळवी आहे, आग आहे, आणि आपल्या धंद्यात सांगायचं तर खाडाखोडही आहे. जुन्या खतावणीत लागण तारखेवर शाई फिरवणं किती सोपं होतं ते ज्येष्ठ सभासदांना आम्ही सांगायला नको. संगणकात तारीख बदलली तर, प्रणाली नीट बांधलेली असेल तर, कोणी केव्हा बदलली याची खूण राहते. एकच प्रत एकाच जागी ठेवणं हा धोका, मग ती कागदाची असो की डिस्कची.

दुसरा सूर असा निघतो, की अपडेटच बंद करून टाका, कटकट नको. हा सूर आमच्या खात्यातही आहे. त्यांनी २०१७ साल आठवावं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये एक भोक बुजवणारं अपडेट काढलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांच्या यंत्रांत १२ मे रोजी 'वॉनाक्राय' शिरला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. इंग्लंडातली सरकारी रुग्णालयं त्यात सापडली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, तसाच दुसरा हल्ला जगभर झाला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज त्यात ठप्प झालं. फवारणी केली तर पान करपतं म्हणून कोणी फवारणीच सोडत नाही. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांचे संगणक अजून त्याच्यावर आहेत आणि ज्यांनी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय घेतलेली नाही, त्यांचं शेत आता बिनकुंपणाचं आहे.

अपडेट घ्यायलाच हवं. पण कसं घ्यावं, हे आम्ही उसाच्या भाषेत सांगतो, कारण आम्हाला तीच येते.

नवी जात आली म्हणून आपण एका दिवसात सगळ्या कार्यक्षेत्रात तिची लागण करतो का? आधी मूलभूत बेणं, मग पायाभूत, मग प्रमाणित. संशोधन केंद्रातून निघालेली कांडी तुमच्या सरीत पडेपर्यंत तीन पायऱ्या चढून येते, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी वाकून तिच्याकडे पाहिलेलं असतं. १९ जुलै २०२४ रोजी याच्या उलट घडलं. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीचं एक छोटंसं अपडेट आपल्या घड्याळाने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर एकदम सोडलं. त्यात दोष होता. सव्वा तासात कंपनीने ते मागे घेतलं, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून आडवे झाले होते. निळा काय, काळा काय, काम थांबलं ते थांबलंच. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये न्यायचं आणि एक फाइल पुसायची. पाच-दहा मिनिटांचं काम. पण ते बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रासमोर बसून हाताने करावं लागलं, म्हणून जगाला कित्येक दिवस पुरलं. ज्यांच्या डिस्का कुलूपबंद होत्या त्यांना आधी ते ४८ आकडे हुडकावे लागले. त्यानंतर त्या कंपनीने असली अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडण्याचं जाहीर केलं. म्हणजे आपला त्रिस्तरीय बेणेमळाच.

तेव्हा आमची सूचना अशी, आणि ती आम्ही शेतकी समितीपुढेही मांडली आहे. कारखान्याचे बॉयलर, मिल, टर्बाइन आपण हंगाम संपल्यावर उघडतो. हंगामात रोलर बदलायला कोणी काढत नाही. तोच नियम वजनकाटा आणि गट ऑफिस यांच्या संगणकांना लावावा. वर्षाचं मोठं अपडेट पट्टा पडल्यानंतर, उन्हाळ्यात, यूपीएस लावून घ्यावं. हंगामात फक्त सुरक्षेची अपडेट्स घ्यावीत. तीही आधी मुख्य कार्यालयातल्या एका संगणकावर आठवडाभर चालवून पाहावीत आणि मग बाकीच्यांवर, क्लिनिंगसाठी गाळप थांबतं त्या दिवशी टाकावीत. विंडोजमध्ये अपडेट एकदम पाच आठवड्यांपर्यंत लांबवता येतं. हंगाम त्याहून लांब असतो, म्हणून हा कार्यक्रम आधीच कॅलेंडरवर आखून ठेवावा लागेल. रात्री कोणी नसताना यंत्राने आपल्या मनाने अपडेट घ्यावं, ही रीत बंद व्हावी.

वजनकाट्याविषयी दोन शब्द जास्त. काट्यावर गाडी चढते तेव्हा वजन संगणक करत नाही. खालचे लोडसेल आणि भिंतीवरचा तो लाल आकड्यांचा डबा, म्हणजे इंडिकेटर, ते करतात. संगणक फक्त लिहून घेतो. वैधमापन खात्याची मोहोर काट्याला असते, संगणकाला नाही. म्हणून संगणकाचा पडदा काळा पडला तरी इंडिकेटर चालू असेपर्यंत वजन थांबवायचं कारण नाही. आकडा मोठ्याने वाचायचा, छापील क्रमांकाच्या तीन प्रतींच्या पावतीवर लिहायचा, काटा लिपिकाने आणि गाडीवाल्याने दोघांनी सही करायची, एक प्रत गाडीवाल्याच्या हातात. अशी पुस्तकं काट्यावर हंगामभर तयार असावीत आणि ती वापरायचा सराव लिपिकाला पहिल्या पंधरवड्यातच द्यावा. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग? तोडलेला ऊस यार्डात उभा राहिला की तासागणिक वाळतो, वजन जातं, उतारा जातो. आणि त्याचं नुकसान आधी गाडीवाल्याचं, मग तुमचं, मग कारखान्याचं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. पडदा काळा होता म्हणून ते १४ चे १५ होत नाहीत.

या सगळ्यात सभासदाने काय करायचं? १९९८ साली वारणानगरच्या परिसरात 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रयोग झाला. कोल्हापूर-सांगलीकडच्या ७० गावांत संगणक केंद्रं उभारून ऊस नोंद, तोडीचे पास, वजनाचे आकडे गावातच मिळावेत अशी ती योजना होती. देशभर गाजली. काही वर्षांनी, २००६-०७ च्या सुमारास, संशोधकांनी पाहिलं तर गावातल्या त्या महागड्या यंत्रांचा उपयोग मुख्यतः आकडे पाठवायला नि मागवायलाच होत होता. मग सात गावांत त्यांनी संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरून एसएमएसची सोय करून पाहिली, आणि शेतकऱ्याला हवं ते त्यातून मिळालं. आज वजनाचा एसएमएस आपल्यालाही येतो. तो वाचून पुसू नका. नोंदीची पावती, तोडीची चिठ्ठी, वजनाची पावती आणि एसएमएस ही तुमच्या घरातली दुसरी प्रत आहे. आमचा पडदा उद्या पुन्हा काळा पडला तर तुमच्या पिशवीतली पावती हा पुरावा राहील, आणि तो आमच्या विरुद्धही वापरता येईल. ते आम्हाला मान्य आहे. गट ऑफिसांनी दर शनिवारी त्या आठवड्याच्या नोंदी छापून फळ्यावर लावाव्यात आणि दररोज संध्याकाळी मुख्य कार्यालयाकडे पाठवाव्यात, असा आमचा आग्रह आहे. त्यासाठी कागद आणि प्रिंटरच्या शाईचा खर्च येईल. पुढच्या सभेत कोणी त्या खर्चावर बोट ठेवलं तर आम्ही उत्तर द्यायला उभे राहू.

वर सांगितलेल्या गट ऑफिसाच्या सर्व नोंदींची छापील यादी गावनिहाय लावलेली आहे. आपलं नाव, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागण तारीख आपल्या पावतीशी ताडून पाहावी. फरक आढळल्यास पावती घेऊन समक्ष यावं. चिटबॉयकडे निरोप देऊ नये.